गणपतीच्या चवथीत तुझ्यावर ओरडले त्याबद्दल

प्रिय सई,

पोचल्याचा मेसेज पप्पांना केलास, मला नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. काळजीचं काही लिहायचं नाही असं ठरवून शाळेतून आल्या आल्या मोबाईल हातात घेतला, तर आता नऊ वाजत आले आणि आमटीला अजून फोडणी नाही.

गणपतीवरची माटोळी, रानातल्या फळांनी सजवलेली ती लाकडी चौकट, उतरवताना तू म्हणालीस, आई तुझ्यात केवढी ताकद आहे, बाबूमामाचं सगळं तू एकटीने निभावलंस, आणि मी एकदम अंगावर आले, मला तुझा पेशंट करू नकोस म्हणाले, तेही सगळ्यांसमोर. काकी कवंडळं पिशवीत भरत होती तिचे हात थांबले. चुकलंच माझं. पण ते वाक्य तू नेमकी त्याच चौकटीखाली उभी राहून बोललीस गो.

तू तेव्हा तिसरीत होतीस, तुला कितपत आठवतंय माहीत नाही. बाबूमामा चवथीच्या दोन दिवस आधीच रानात जायचा, केवणीचे दोर स्वतः सोलून आणायचा, बाजारातली सुतळी त्याला चालायची नाही. सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, कांगण्या, काय काय असायचं. त्या वर्षीची माटोळी बघायला तर वरच्या वाड्यावरनं लोक आले, आजी म्हणाली हाताला काय गुण आहे बघा, मीही म्हणाले. तो शिडीवर होता, वळलासुद्धा नाही, नुसता आंबाड्यांचा एक घोस फिरवून त्याचा डागी भाग भिंतीकडे केला. पुढच्या पंधरा दिवसांत काय झालं ते तुला माहीत आहे.

त्याच्यातलं चांगलं आम्ही सगळ्यांनी बघितलं, सई. तेवढंच बघितलं.

म्हणून तू तुझ्या थेरपीच्या ट्रेनिंगमधली ती माणसातल्या 24 गुणांची यादी दाखवलीस ना, सेलिगमन आणि पीटरसन या मानसशास्त्रज्ञांची, 2004 ची, ती वाचताना माझ्या पोटात गोळा आला. मी चौथीच्या मुलांना रोज शाबासकी देते, शाबासकी किती स्वस्त असते ते मला विचार. तू म्हणालीस की तसं नसतं, आधी दुखणं पूर्ण ऐकायचं आणि मग विचारायचं, एवढं असूनही आजपर्यंत तग कसा धरलास, कोण होतं सोबत. आणि जीव द्यावासा वाटतो का हे सरळ शब्दांत विचारायचं, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सोळा वर्षांपूर्वी हे मला कोणी सांगितलं असतं तर. जाऊ दे. तू विचारतेस ना पण? समोरचा छान हसत बोलत असला तरी? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर मी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलाय, कोणी पुसला की परत लिहिते, हेडसरांना वाटतं मला काहीतरी झालंय.

लहानपणी पणजीत आबे फारियाच्या पुतळ्याजवळ तू माझ्या साडीत तोंड लपवायचीस, तो माणूस बाईला मारतोय म्हणून. परवा तूच मला समजावत होतीस की कांदोळीचा हा संमोहन करणारा माणूस पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता, संमोहनाची झोप माझ्या हातातनं येत नाही, ती समोरच्याच्या मनातनंच येते. आणि तुझा तो मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, 1951 चं पुस्तक, माणसाला कुठलीही अट न घालता आपलं म्हणायचं. छान आहे गो. पण तू सगळ्यांना आपलं म्हणशील आणि त्यातला एखादा गेला तर तुझं काय? सुपरव्हायझरकडे रडता येतं का? रडत जा. स्वतःचा पर्सनल नंबर देऊ नकोस, सेशनच्या मधे काहीतरी खात जा, रात्री केस डोक्यात घेऊन झोपू नकोस...

बघ, झालं माझं सुरू. सॉरी. ट्रेनिंगचं दुसरं वर्ष तुझं, आणि धडे मी देतेय. शाळेत मात्र सगळ्यांना सांगून झालंय की माझी मुलगी थेरपिस्ट होतेय, शिपाईमामांनी तर त्यांच्या मुलाचं विचारलंसुद्धा, ते फोनवर सांगते.

तू जेवताना तो चमत्काराचा प्रश्न विचारला होतास, रात्री झोपेत चमत्कार होऊन सगळं सुटलं तर सकाळी पहिल्यांदा काय वेगळं जाणवेल. मी ताट घेऊन उठले होते. उत्तर होतं माझ्याकडे. ओसरीवर शिडी ओढल्याचा आवाज येईल आणि आजी आतनं ओरडेल, उचलून ने रे, फरशी खरवडते.

सोलं आणि तिरफळं पप्पांच्या ओळखीच्या बसवाल्याकडे शुक्रवारी देते, सकाळी सहाला पोचते गाडी. त्या दिवशी तरी फोन उचल.

तुझी
आई