छत्रीच्या काड्या आणि नगरचा किल्ला

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुझ्याकडे आपली जुंपली, तिचं उत्तर तेव्हाच द्यायचं होतं. पण वहिनींनी मोदकांचं ताट मध्ये आणून ठेवलं, आणि तोंडात मोदक असताना नेहरूंवरून भांडता येत नाही. तू म्हणालास, "तुझ्या नेहरूंनी महाराष्ट्राला काय दिलं? मुंबईसुद्धा १०५ माणसं गेल्यावर!" मी गप्प बसलो, कारण बोलणं खोटं नव्हतं.

परवा नगरच्या किल्ल्यात जाऊन आलो. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसल्यावर तोंडातून अजून 'एक नगर' असंच जातं.) किल्ला लष्कराच्या ताब्यात. फाटकावर ओळखपत्र दाखवलं, वहीत नाव लिहिलं आणि आत गेलो. जिथे नेहरूंसह त्या बारा काँग्रेस पुढाऱ्यांना कैदेत ठेवलं होतं ती खोल्यांची बैठी ओळ आहे, समोर अंगण. फार काही भव्य नाही रे. आपल्या वाईच्या शाळेची मागची बाजू आठवली.

'चले जाव'च्या ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे इंग्रजांनी मुंबईत सगळ्यांना उचललं. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसला नेलं, बाकीच्यांना घेऊन गाडी पुढे नगरला आली. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असे बारा. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही की पत्र नाही. नेहरूंनी अंगणात वाफे करायला घेतले. जमीन कसली, जुन्या बांधकामांचं डबर नुसतं. खणावं तिथे भिंतींचे अवशेष. चांदबीबीने अकबराच्या फौजेशी झुंज दिलेला किल्ला तो, खाली दुसरं काय निघणार? त्या खणण्याचं वर्णन त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पाच महिन्यांत! मला सोसायटीचं एक पत्र लिहायला आठवडा लागतो.

मौलानाही तिथेच एका मित्राला पत्रं लिहीत बसायचे. पाठवायची सोय नव्हती, तरी लिहायचे. त्यांची बेगम याच काळात कलकत्त्याला वारली आणि त्यांना शेवटची भेटसुद्धा मिळाली नाही. हे आठवलं आणि मी त्या ओळीपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. चिरंजीव मोबाइलवर होते, त्यांनी दोनदा हाक मारली.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. त्या बारांत एक मराठी माणूस होता, शंकरराव देव. नेहरूंबरोबर अडीच वर्षांहून जास्त काळ एकाच आवारात काढलेला. आणि सुटून वर्षभर होतंय तोवर, १९४६ साली, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष झाले तेच शंकरराव! म्हणजे ज्याच्याबरोबर जेवायचं, फिरायचं, त्याच्याकडेच पुढे आपलं राज्य मागायचं. हे माझ्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

आणि नेहरूंनी १९५६ च्या जानेवारीत रेडिओवरून सांगून टाकलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. ही घोडचूकच. सबब सांगत बसत नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते, ते याच प्रश्नावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि जाताना संसदेत पंतप्रधानांना तोंडावर सुनावून गेले. भाषावार प्रांतांनी देश फुटेल ही भीती नेहरूंच्या मनात फाळणीपासून बसली होती, ती समजण्यासारखी आहे. पण भीती समजली म्हणून मुंबईतला गोळीबार विसरायचा, असं मी म्हणत नाही. गोव्याचंही तेच. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, तरी सैन्य जायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. आणि गेलं तेव्हा दोन दिवसांत काम झालं!

आता आमच्या आजोबांची गोष्ट. तू त्यांना पाहिलंयस, पण ही ऐकली नसशील.

३० नोव्हेंबर १९५७. नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते. तुरुंगात लिहिलेल्या इतिहासात त्यांनी शिवाजी महाराजांबद्दल जे लिहिलं होतं त्यावरून इकडे आधीच राग होता. पुढे त्यांनी तो मजकूर बदलला, पण बदल कोण वाचतो? संयुक्त महाराष्ट्र समितीने ठरवलं, वाई ते पसरणी घाट दुतर्फा उभं राहून काळी निशाणं दाखवायची. आजोबांकडे काळं कापड नव्हतं. आजीची छत्री होती. त्यांनी रात्री ती खाली काढली, कापड उसवलं आणि काठीला बांधलं. सकाळी आजीला खुंटीवर नुसत्या काड्या लटकलेल्या दिसल्या. पुढचा आख्खा पावसाळा ती डोक्यावर पोतं घेऊन बाजारात जायची आणि भेटेल त्याला सांगायची, "आमची छत्री नेहरूंना दाखवली."

हजारो माणसं उभी होती त्या घाटात. आजोबा सांगायचे, गाडी आली तेव्हा नेहरूंचा चेहरा स्पष्ट दिसला, आणि दगड कुणी मारला नाही. पंतप्रधान ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्यावर त्याचा निषेध करायला माणसं उभी राहतात, आणि संध्याकाळी सुखरूप घरी येऊन भाकरी खातात. तू विचारलंस ना काय दिलं, तर मला ही भाकरी आधी आठवते. १९५१-५२ ला सतरा कोटींवर मतदार, त्यातले बहुतेक निरक्षर, आणि तरी सगळ्यांना एकदम मत. मग त्याच मताने पश्चिम महाराष्ट्राने १९५७ ला काँग्रेसला झोडपलं. ते ऐकावं लागलं म्हणून तर १ मे १९६० उजाडला. त्या दिवशी मुंबईत राज्याचं उद्घाटन करायला कोण होतं? नेहरूच.

बाकी खडकवासल्याच्या प्रबोधिनीची कोनशिला, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पवईची आयआयटी, तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी ही यादी तुला पाठ आहे, तू ती मला दरवेळी "पुरे रे" म्हणत तोडतोस. माझं त्यावर एक गाऱ्हाणंही आहे. आयआयटी झाली, पण गावची चौथीपर्यंतची शाळा मागेच राहिली. आणि चीन. १९६२ ने तो माणूस आतून खचला. संरक्षणमंत्री मेनन गेले, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावणं आलं, आणि आपण 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' म्हणत छाती फुगवली. ज्यांना मुंबई द्यायची नव्हती त्यांनाच आपला माणूस लागला, हेही त्या फुगण्यात थोडं होतंच.

मला त्यांचा एक गुण मात्र फार हेवा वाटावा असा वाटतो. ऑक्टोबर १९४७ पासून अगदी शेवटपर्यंत ते मुख्यमंत्र्यांना साधारण दर पंधरवड्याला पत्र लिहायचे. चारशेच्या घरात पत्रं. निर्वासितांपासून कोरियापर्यंत, धान्यापासून धर्मवेडापर्यंत सगळं त्यात. आणि १९३७ साली तर त्यांनी टोपणनावाने स्वतःवरच लेख लिहिला, की या जवाहरलालपासून सावध राहा, हा हुकूमशहा होऊ शकतो!

२७ मे १९६४. दुपारी वाण्याच्या रेडिओवर बातमी आली. आजोबा ओट्यावर येऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. चहा तसाच निवून गेला. आजी म्हणाली, "तुम्हीच ना निशाण दाखवायला गेला होता?"

ते म्हणाले, "हो. मग?"

त्याच आठवड्यात अत्र्यांनी, ज्यांनी 'मराठा'तून नेहरूंची सालटी काढली होती त्याच अत्र्यांनी, त्यांच्यावर 'सूर्यास्त' ही लेखमाला लिहायला घेतली. आजोबा तो अंक रोज मोठ्याने वाचायचे आणि आजी भाजी निवडत ऐकायची, असं बाबा सांगतात.

आता तू ये. दिवाळीनंतर जमव, थंडी पडलेली असेल. किल्ल्यात पुन्हा जाऊ. ओळखपत्र मात्र आठवणीने आण, मागच्या खेपेला देवगिरीला विसरलास तसं नको. भांडण अर्धं राहिलंय, ते त्या अंगणात बसून करू. वहिनींना नमस्कार, आणि मोदकांची उकड कशी काय फुटत नाही ते हिला एकदा फोनवर सांगायला सांग.

तुझा,
विनू