ज्युनिअर वकिलाने तक्रार करायची कोणाकडे?

मा. संपादक साहेब,

जळगाव घ्या, धुळे घ्या नाहीतर नंदुरबार, आपल्या खान्देशातल्या तालुका कोर्टांत ज्युनिअर वकिलांना चारचौघांत झापणं इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला त्यात काही वावगंच वाटत नाही. मी स्वतः वकिली करते. मागच्या महिन्यात एक मुलगी, नुकतीच वकिलीची सनद मिळालेली, सिनियर दुसऱ्या कोर्टात म्हणून मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा अर्ज घेऊन उभी राहिली. फाईल तिच्या हातात सकाळीच पडलेली, त्यामुळे न्यायाधीश साहेबांनी आधीच्या मुदतींचं विचारलं तर ती काय सांगणार. अर्ज नामंजूर झाला. मग बार रूमच्या दारात सिनियरने, रावेरकडून पहिल्या एसटीने आलेल्या पक्षकारासमोर, फाईल तिच्या अंगावर फेकली आणि "बापाने पैसे भरून डिग्री घेऊन दिली का" असं मोठ्याने विचारलं. मी मधे बोलले तर मलाच ऐकवलं, ताई तुम्ही तुमच्या मॅटरचं बघा.

आता तिने जायचं कुठे? कामाच्या ठिकाणी महिलांच्या संरक्षणासाठी असलेला 2013 चा कायदा फक्त लैंगिक छळापुरता, आणि 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की वकील काही बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेचे नोकर नाहीत, त्यामुळे वकिलाविरुद्धच्या तक्रारीसाठी बार कौन्सिलमध्ये त्या कायद्याखाली समिती नेमायचं बंधन नाही. उरतं 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम 35, म्हणजे वकिलाच्या गैरवर्तनाबद्दल थेट राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार. शहादा, चोपड्याची नवखी पोरगी ज्यांच्याकडे काम शिकते त्यांच्याचविरुद्ध तिथे जाईल? दुसऱ्या दिवशी तिला तालुक्यात कोण उभं करेल?

"आम्हीपण असंच शिकलो" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. शिव्या खाऊन उलटतपास येत नाही, तो कोणी शेजारी बसवून शिकवला तर येतो. पैशांचं तर विचारूच नका, बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना किमान 15,000 द्या असं सुचवलं, पण ती नुसती शिफारस, इथे कित्येकांचं पेट्रोलसुद्धा सुटत नाही.

माझी मागणी एवढीच की तिन्ही जिल्ह्यांतल्या वकील संघांनी ज्युनिअरच्या तक्रारी ऐकायला समिती नेमावी, त्यात महिला वकील हव्यात आणि निदान एक सदस्य दुसऱ्या तालुक्यातला हवा, नाहीतर सगळे एकमेकांचे मित्रच निघतात. संघाच्या निवडणुकीला जे उभे राहतील त्यांनी मतं मागायच्या आधी यावर हो की नाही ते सांगावं.

— एक महिला वकील, जळगाव जिल्हा