बांगलादेश कुणाच्या मांडीवर बसलेला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ढाका आता चीनच्या मांडीवर जाऊन बसला, हे कालच्या अंकातील लेखाचे म्हणणे साफ चुकीचे आहे. चीनकडून २०१६ मध्ये दोन पाणबुड्या घेतल्या, तेवढ्यावर लेखकाने निकाल देऊन टाकला. रूपपूरचा अणुवीज प्रकल्प रशिया उभारतो आहे. मातारबाडी बंदर आणि ढाक्याची मेट्रो जपानी कर्जावर. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेकडून पाच वर्षे दरसाल सात लाख टन गहू घ्यायचे ठरवले, आणि बांगलादेशी मालावरची अमेरिकेची ३५ टक्के आयातशुल्काची धमकी २० वर आली. एकाच सावकाराच्या ओट्यावर बसायचे नाही, ही त्यांची रीत आहे. शेतकऱ्याला ती लगेच कळते.

लेखात संत्र्याचे नावही नाही! वरुड-मोर्शीच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेशच. तिथले शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० टका (टका हे त्यांचे चलन) होते, २०२३ मध्ये ८८ झाले. याला भारतद्वेष म्हणू नका, कारण ही सगळी वाढ दिल्लीशी सख्य असलेल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांच्या राजवटीतली आहे. २०२२ पासून त्यांचे डॉलर आटले, तशी फळे चैनीच्या मालात गेली. आपले फळ सैल, पातळ सालीचे. लांबच्या जहाजप्रवासात टिकत नाही. म्हणून बेनापोलच्या सीमानाक्याकडचा ट्रक थांबला की तोच माल देशातल्या मंडईत उतरतो आणि भाव पाडतो.

भरवशाचे म्हणाल तर २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात आपणच एकाएकी बंद केली. निदान आधी सांगायचे होते, असे हसीनांनी दिल्लीत येऊन बोलून दाखवले. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा तेच. ८ एप्रिल २०२५ ला आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशात माल पाठवण्याची, सवलत काढली. आठवड्याच्या आत त्यांनी जमिनीमार्गे येणारे आपले सूत अडवले. सूत अडले की गिरणी रुई कमी उचलते, आणि फटका यवतमाळच्या कापसाला.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर १९ ऑगस्ट २०२५ ला त्यावरचे ११ टक्के आयातशुल्क आपल्याच सरकारने उठवले, तेही वेचणीच्या तोंडावर. त्यावर आपल्या दैनिकात अग्रलेख यायला हवा होता.

गंगा पाणीवाटपाचा १२ डिसेंबर १९९६ चा करार तीस वर्षांचा आहे. त्याच्या नूतनीकरणाच्या बोलणीत संत्र्याचे शुल्कही मांडावे, ही आमची मागणी कृपया छापावी.

आपला,
एक संत्रा उत्पादक,
ता. वरुड, जि. अमरावती