खालच्या मजल्यावरच्या काकांना, गाड्यांच्या ट्रॅकबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पक्कड उचलून कामाला लागता. म्हणून हे लिहून काढते आहे, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यांच्या घरी विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा एखादा सेट माळ्यावर पडून आहे, त्यांनाही तुम्ही आमच्याकडे काय काय केलंत ते कळू दे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे जोडून रस्ता होतो. त्यात दोन खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना पोलादाची पट्टी. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते आणि जिभेच्या बाजूच्या तांब्याच्या वेण्या पट्ट्यांवर घासत वीज घेतात. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबाल तितका वेग. सुकाणू नाही. वळणाआधी बोट किती सोडायचं, एवढंच चालवणाऱ्याच्या हातात. माझा आत्येभाऊ इंग्लंडहून परतला तेव्हा त्याच्या मुलांचा याच खेळाचा, स्केलेक्स्ट्रिक नावाचा जुना सेट आमच्या पोरांसाठी घेऊन आला. तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, त्यामुळे अडॅप्टरला फक्त पिन बदलणारा सॉकेट लागला. पण रत्नागिरीच्या हवेत एक पावसाळा काढल्यावर पट्ट्यांवर तांबूस थर चढला, गाड्या गचके खात चालू लागल्या आणि मुलांनी डबा बंद करून ठेवला. पाण्याच्या टाकीच्या कामासाठी तुम्ही वर आलात आणि तो डबा तुमच्या नजरेला पडला, हे आमचं भाग्य.

एसटीच्या कार्यशाळेत जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाने खेळण्यातल्या गाडीकडे इतक्या आदराने पाहावं, हे मला त्या दिवशी फार भावलं. तुम्ही गाडी उलटी केलीत, मागचं चाक बोटाने फिरवलंत आणि धाकट्याला म्हणालात, "मोटर ठणठणीत आहे रे, उपाशी आहे फक्त."

मग साफसफाई. भांड्यांचा तारेचा काथ्या घेऊन थोरली आली, तेव्हा तुम्ही तो तिच्या हातून काढून घेतलात आणि कारणही दिलंत. त्या काथ्याचा बारीक लोखंडी चुरा ट्रॅकवर राहतो. गाडीखालचं चुंबक आणि मोटरमधली चुंबकं तो ओढून घेतात आणि मोटर जाते. त्याऐवजी हिरवा स्क्रबर, हलक्या हाताने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा जेमतेम हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, म्हणजे दमट हवेत गंज लवकर धरत नाही. टायर चिकटपट्टीवर फिरवून धूळ काढायची, आसाला टूथपिकच्या टोकाने थेंबभर तेल, आणि ते तेल टायरला लागू द्यायचं नाही. आजही पोरं हे सगळं याच क्रमाने करतात. आसाभोवती गुंडाळलेला केस चिमट्याने काढताना धाकट्याचा चेहरा अगदी डॉक्टरसारखा गंभीर असतो.

पण मला सर्वांत जास्त लिहायचं आहे ते व्होल्टेजच्या संध्याकाळबद्दल. ट्रॅक स्वच्छ झाला तरी गाडी सुरुवातीच्या पट्टीवर सुसाट आणि पलीकडच्या टोकाला मंद, असं होत होतं. तुम्ही व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावलात तर दोन्हीकडे आकडा सारखा! मुलं गोंधळली. तुम्ही थोरलीला गाडी पलीकडच्या टोकाला हाताने धरून ठेवायला सांगितलंत आणि धाकट्याने ट्रिगर दाबल्यावर पुन्हा मोजलंत. आता तिथे आकडा चांगलाच खाली आला. "वीज वाहत नाही तोवर पडत नाही," तुम्ही म्हणालात. प्रत्येक तुकड्याच्या सांध्यात थोडा थोडा रोध असतो आणि टोकापर्यंत त्यांची बेरीज होते. नळाच्या लाइनवर शेवटच्या घराला पाणी बारीक येतं तसं, हे तुमचं वाक्य आमच्या आळीत राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

उपायही तुम्ही मुलांकडूनच करून घेतलात. घराच्या वायरिंगची दीडची (दीड चौरस मिलीमीटरची) वायर फळीखालून फिरवली, तीन ठिकाणी तुकड्यांच्या खालच्या पत्रीला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप) लावून सोल्डर केली. एका खाचेची एक लेन, अशा लेन दोन, म्हणजे वायरी चार. लेनच्या डाव्या पट्टीची वायर सगळीकडे डावीलाच गेली पाहिजे, नाहीतर शॉर्ट. थोरलीने प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठ्या लावल्या. सोल्डरिंग गन तुम्ही तिच्या हातात दिलीत तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं. तुम्ही मात्र तिच्या मनगटाजवळ हात धरून शांतपणे उभे होतात, आणि तिसरा सांधा तिने एकटीने केला. तो सांधा अजून चकचकीत आहे.

आणि तो आठचा आकडा! मुलांचा ट्रॅक आधी साधा लांबट गोल होता आणि आतल्या लेनवरचा नेहमी पुढे. त्यावरून रोज भांडण. तुम्ही टेप काढलीत आणि दोन खाचांमधलं अंतर मोजायला सांगितलंत. आपल्या सेटवर ते साधारण ७८ मिलीमीटर भरतं. मग म्हणालात, याची दुप्पट करा आणि पायने, म्हणजे ३.१४ ने, गुणा. उत्तर आलं जवळजवळ ४९ सेंटीमीटर. बाहेरच्या लेनला एका फेरीत तेवढं जास्त पळावं लागतं, आणि ट्रॅक टेबलाएवढा असो की अख्ख्या हॉलएवढा, हा फरक तेवढाच राहतो. यावर थोरलीचा विश्वास बसेना. तिने दोरी लावून मोजून पाहिलं, मग सरळ तुकडे वाढवून पुन्हा मोजलं. फरक तोच. आठच्या आकड्यात जितकं उजवीकडे वळणं तितकंच डावीकडे, त्यामुळे हिशेब फिटतो आणि दोन्ही लेन सारख्या होतात. फक्त रस्ता रस्त्यावरून जायला पूल हवा. त्याचे खांब तुम्ही सुतारांकडच्या उरलेल्या ठोकळ्यांचे केलेत आणि चढ इतका हळू ठेवलात की माथ्यावर गाडीची जीभ खाचेतून उचलली जात नाही. शाळेत पाय शिकताना थोरलीला तो कशाला लागतो हे आता कुणी सांगावं लागत नाही.

फळीचं काम मी थोडक्यात आटोपते. तुम्ही एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, साफ नकार दिलात, कारण पावसाळ्यात तो फुगतो. आठ बाय चारची मरीन प्लाय आणायला लावलीत, तिच्यावरचा मरीन प्लायच्या मानकाचा, आयएस ७१० चा शिक्का स्वतः पाहून घेतलात, आणि एका कडेला बिजागऱ्या लावून ती भिंतीशी उभी करता येईल अशी केलीत. त्यामुळे हॉल हॉलच राहिला. ट्रॅक जमिनीवरून उठल्याने धुळीचा प्रश्नही बराच सुटला.

आता आजींची गोष्ट. माझ्या सासूबाई आधी बाजूला बसून बघायच्या. "माझं बोट थरथरतं, गाडी उडेल," म्हणायच्या. तुम्ही दोन्ही लेनसाठी वेगळा, व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय बसवलात आणि त्यांच्या लेनला ९ व्होल्ट ठेवलेत. ट्रिगर पूर्ण दाबला तरी गाडी वळणावर सुटत नाही. त्यांनी पहिली शर्यत बोट न सोडता पूर्ण केली आणि पलीकडे वेगाच्या नादात तीनदा पडलेल्या नातवाला हरवलं. मग त्यांनीच म्हटलं, जरा वाढवा. आज त्यांची लेन ११ वर आहे. मुलांच्या गाड्यांचं चुंबक मात्र तुम्ही काढून टाकलंत. चुंबक असलं की गाडी पोलादी पट्टीला चिकटून वळण घेते आणि चालवणाऱ्याला फार काही करावं लागत नाही. ते काढल्यावर शेपूट घसरते, वेग कमी होतो आणि खरं कसब दिसतं. कंट्रोलरला तिसरी वायर जोडून तुम्ही ब्रेकही दिलात. ट्रिगर सोडला की मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, मोटर क्षणभर जनरेटर होते आणि स्वतःलाच थांबवते. सासूबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं आणि नंतर फोनवर त्यांच्या बहिणीला समजावून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

तुमचा आणखी एक नियम आम्ही कधीच मोडत नाही. शर्यत संपली की चालवणाऱ्यांनी कंट्रोलर खाली ठेवायचा आणि पुढच्या शर्यतीत पडलेल्या गाड्या उचलून खाचेत बसवायच्या. लेनही आलटून पालटून. या एका नियमाने आमच्या घरातली निम्मी रडारड बंद झाली. आमचे हे रात्री उशिरा घरी येतात, पण तेही जेवणाआधी एक पाळी गाड्या उचलायला उभे राहतात.

धाकट्याने मागे तुम्हाला विचारलं होतं, हे कुणी शोधलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, शोध आणि मला सांग. त्याने शोधलं आहे. फ्रेड फ्रान्सिस नावाचे इंग्लंडमधले गृहस्थ आधी स्केलेक्स या नावाने चावीच्या गाड्या बनवायचे. त्यांनी त्या विजेवर चालवल्या आणि १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात मांडल्या. स्केलेक्सला इलेक्ट्रिक जोडून स्केलेक्स्ट्रिक. तुमच्यासाठी त्याने हे वहीत लिहून ठेवलंय आणि स्वतः वाचून दाखवणार आहे, तेव्हा पहिल्यांदा ऐकताय असंच ऐका.

काका, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. वायर आणि फ्लक्ससुद्धा तुमच्या पेटीतलंच होतं, हे मला उशिरा कळलं. पण त्याहून मोठं ऋण वेगळं आहे. तुम्ही स्वतः तासाभरात उरकली असती ती कामं मुलांच्या हातून होऊ दिलीत, त्यांना जितका वेळ लागला तितका वेळ थांबलात, आणि त्यांच्या एकाही प्रश्नाला "तुला काय करायचंय" असं उत्तर दिलं नाहीत. मनापासून, पुन्हा पुन्हा आभार.

आता एक विनंती. गणपतीत मुंबईची सगळी भावंडं येतील, आणि फेऱ्या मोजायला कुणीच तयार होणार नाही. थोरलीच्या मनात रीड स्विच होता, पण तो गाडीतल्या चुंबकाने चालतो आणि चुंबकं तर तुम्ही काढलीत. म्हणून ती आता इन्फ्रारेड सेन्सर खाचेखाली बसवायचं म्हणते आहे. तिने आकृती काढली आहे, पण खाचेत भोक कुठे पाडायचं ते तुम्ही पाहिल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही असं ठरलंय. रविवारी चारनंतर या. काकूंनाही घेऊन या, त्यांच्यासाठी लेन १० वर लावून ठेवतो.

तुमच्या वरच्या मजल्यावरची,
दोन्ही पोरांची आई