अजगर पाळण्याआधी कायदाही सांगा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ‘बॉल पायथन’ हा परदेशी अजगर घरी पाळण्याविषयीचा लेख वाचला. सापांबद्दलची भीती कमी व्हावी, हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. मात्र हा प्राणी बिनकटकटीचा असल्याचे सांगताना कायद्याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो घरी पाळणे हा गुन्हाच आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला असला, तरी २०२२ च्या दुरुस्तीने तोही या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत, आला असून, २०२४ च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून असे साप वारंवार जप्त झालेले असताना, आपल्याला विकले जाणारे पिल्लू आले कोठून, हे गिऱ्हाइकाने विचारायलाच हवे.

राहिला प्रश्न बिनकटकटीचा. ऐन एप्रिलमध्ये पुण्यातील एका परिचितांकडे मी पाहिलेल्या बॉल पायथनची कात कोरड्या हवेमुळे तुकड्यातुकड्यांनी निघत होती आणि डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच चिकटून राहिल्याने त्याला धड दिसतही नव्हते. हा जीव नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो. अशा लेखासोबत नोंदणीची पद्धत आणि सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांची माहितीही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे