आधी उतरायला शिका

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

क्रॉस ट्रेनरचा, म्हणजे उभ्याने पेडल मारत चालायच्या मशीनचा, खोका वर चढला, लिफ्टमध्ये तिरका करून घालावा लागला आणि दुकानाचा माणूस ‘आज येतो, उद्या येतो’ करत तुम्हाला घरात बसवून ठेवतोय, एवढं कळलं. बाबा, तुम्ही काल म्हणालात, “कशाला त्याची वाट बघायची? मी जोडतो.” ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात ज्याची उभी नोकरी मशिनं खोलण्यात आणि जोडण्यात गेली, त्याला नको म्हणायची माझी छाती नाही. जोडाच. पण फोनवर बोलताना आई मध्येच कुकर बंद करायला उठते आणि तुम्ही नुसतं ‘हो हो’ करता. तो ‘हो हो’ मी लहानपणापासून ओळखते. म्हणून सगळं लिहून काढलंय.

आधी जागा. हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवायचं घाटतंय ना तुमचं? तिथे नको. फॉल्स सीलिंग केल्यापासून हॉलचा पंखा चांगलाच खाली आला आहे. क्रॉस ट्रेनरवर उभं राहिलं की पाय जमिनीपासून वर असतात. पेडल वरच्या टोकाला गेलं की फूट, सव्वा फूट सहज. बाबांची उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे डोकं सात फुटांवर गेलं. डोकं पंख्याला लागणार नाही, पण घाम पुसायला किंवा बनियन काढायला हात वर गेला तर? माझ्या खोलीत खिडकीकडच्या बाजूला पंखा येत नाही, तिथे ठेवा. माझं टेबल खुशाल काढा. त्याच्या खणांत जुन्या वह्यांशिवाय काही नाही. दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-दोन फूट जागा मोकळी सोडा. भिंतीला चिकटवून ठेवलं तर उतरताना पाय टाकायला जागा राहत नाही.

आणि बाल्कनीत ठेवू या, ही आईची सूचना नामंजूर. नेरूळचा पाऊस आडवा येतो, वर खाडीचा खारा वारा. त्या वाऱ्याने आपल्या ग्रिलचं काय झालंय ते रोज बघतेसच.

आता जोडणी. ही मशीन एकट्याने जोडायची नाही. नुसती मधली फ्रेमच इतकी जड असते की उचलताना कंबर धरेल. समोरच्या काकांचा मुलगा रविवारी घरी असतो, त्याला बोलवा. खोका आडवा पाडून फाडा आणि पुठ्ठा लादीवर पसरून त्यावरच काम करा. लादीला ओरखडा जात नाही आणि पडलेला वॉशर गडगडत पलंगाखाली जात नाही. सगळे नट-बोल्ट आधी कागदावरच्या यादीशी ताडून बघा. बाबा, यादी बघायची, अंदाज नाही. यात तीन-चार तऱ्हेचे वॉशर असतात: साधे, स्प्रिंगचे, कमानीसारखे वाकलेले. वाकलेला वॉशर गोल पाइपावर बसतो. तिथे साधा घातला तर बोल्ट वरवर घट्ट लागतो आणि आठवड्याभरात ढिला पडतो.

पुढचा आणि मागचा आडवा पाय आधी लावा, म्हणजे फ्रेम आपली आपण उभी राहते. मग उभा खांब. इथे घाई नको. खांबाच्या आतून एक बारीक वायर वर जाते, तिनेच स्क्रीनवर वेग दिसतो. खांब खाली बसवताना ही वायर दोन पाइपांच्या मध्ये चिरडली जाते, आणि मग सगळं जोडून झाल्यावर स्क्रीनवर आकडा हलत नाही म्हणून पुन्हा सगळं खोलत बसा. एकाने खांब धरायचा, दुसऱ्याने वायर वरून हलकेच ओढून ताणलेली ठेवायची. ताण कमीजास्त करायच्या बटणाची केबल वेगळी असते. तिचं टोक हुकात अडकवायचं असतं, नीट अडकलंय ना ते बघा. नाहीतर बटण फिरत राहील आणि पायाला फरक काहीच जाणवणार नाही.

सगळे बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे चढवून ठेवा. पाना शेवटी. एक बाजू पूर्ण आवळली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत, मग माणूस जोर लावतो, आट्यावर आटा चढतो आणि बोल्ट कायमचा वाया जातो. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे अतीच झालं. पण डाव्या बाजूचं तेवढं सांगतेच. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, तसं यातही बऱ्याच मॉडेलमध्ये डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, असतं. सगळ्या सुट्या भागांवर ‘एल’ आणि ‘आर’चे स्टिकर आहेत, जोडून होईपर्यंत ते सोलू नका. डावीकडे बोल्ट लागत नाहीसा वाटला तर जोर करू नका, उलटा फिरवून बघा. क्रँकचे आटे गेले तर नुसता बोल्ट बदलून भागत नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो.

उभी राहिली की मागच्या पायाच्या दोन्ही टोकांच्या टोप्या फिरवून ती समतोल करा. हात लावून हलवली तर डुगडुगता कामा नये. खाली रबरी मॅट हवीच, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपला विषय काढतील. स्क्रीनला पेन्सिल सेल लागतात, प्लगचं काही काम नाही. सुरुवातीचे काही दिवस वापरून झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नव्या मशीनचे ढिले होतातच. पेडलपाशी कट-कट असा आवाज आला तर तेल सोडत बसू नका, पाना घ्या. ढिल्या क्रँकवर चालत राहिलं की भोकाचे आटे झिजतात.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांनाही वाचून दाखव.

यावर चालायला शिकावं लागत नाही. पाय पेडलवरून उचललेच जात नाहीत, म्हणून गुडघ्याला हिसका बसत नाही. तुझ्या गुडघ्यांसाठी ट्रेडमिलपेक्षा हीच बरी, असं मला वाटलं ते त्यामुळेच. शिकायचंय ते चढणं आणि उतरणं. चढताना जवळचं पेडल अगदी खाली आणायचं, मधले न हलणारे दांडे दोन्ही हातांनी धरायचे आणि खालच्याच पेडलवर पाय ठेवायचा. वर असलेल्या पेडलवर ठेवलास तर ते वजनाने खाली येतं आणि तोल जातो. बाजूचे लांब दांडे हलते असतात, चढता-उतरताना त्यांना धरायचं नाही. माणसं आधारासाठी नेमके तेच धरतात.

उतरणं याहून अवघड. आत जड चाक आहे. तू पाय थांबवलेस तरी ते फिरत राहतं आणि पेडल आपल्याबरोबर पाय ओढत नेतं. दाराची बेल वाजली की तुझी जी धावपळ होते, ती इथे चालणार नाही. दूधवाला, कुरिअर, कोणीही असो, थांबू दे त्याला. वेग कमी करत आणायचा, पेडल पूर्ण थांबू द्यायची, मग न हलणारे दांडे धरून, वर असलेल्या पेडलवरचा पाय आधी जमिनीवर टेकवायचा आणि खालचा नंतर. पहिले काही दिवस चालणं राहू दे बाजूला, दोघांनी नुसती चढ-उतर करा. हसू आलं तरी करा.

गाऊन घालून चढायचं नाही. पायजमा किंवा घट्ट लेगिंग, वर कुर्ता, ओढणी काढून ठेवलेली. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. पायात स्लिपर नाही, बूट. लेस बांधून उरलेली टोकं आत खोचायची. तुझ्या पायांना आधीच मुंग्या येतात आणि यावर तळवा एकाच जागी दाबून राहतो, म्हणून मधूनमधून बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा, टाच किंचित उचल. संध्याकाळी बूट काढल्यावर तळवे बघायची सवय सोडू नकोस.

तुझी साखरेची सकाळची गोळी ग्लिमेपिराइडची आहे. ती घेऊन उपाशीपोटी व्यायाम केला तर साखर खाली जाऊ शकते. आधी मोजायची. 100 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच चढायचं. मध्येच घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. साखरेचा डबा त्याच खोलीत ठेवा. संकष्टीला मशीन बंद, याच्यावर वाद नाही.

बाबा, दांड्यावर हात ठेवला की स्क्रीनवर नाडीचे ठोके येतात. तुम्ही ते वहीत लिहिणार, ग्राफही काढणार, मला माहीत आहे. पण ठोके जास्तीत जास्त किती ते काढायचं ‘220 वजा वय’ हे गणित तुम्हाला लागू पडत नाही. तुमची बीपीची गोळी मेटोप्रोलॉल आहे, ती ठोके फारसे वाढू देत नाही. तुम्ही ठरलेला आकडा गाठायला जाल आणि दमून पडाल. त्याऐवजी आईशी बोलत राहा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की पुरे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. दांडा आवळून धरू नका आणि श्वास कोंडू नका, दोन्हीने प्रेशर चढतं. कॅलरीच्या आकड्याकडे तर बघूच नका, तो अंदाजपंचे असतो.

सुरुवात पाच मिनिटांनी, ताण सगळ्यात कमी. थोडंसंच केल्यासारखं वाटेल, वाटू दे. शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालूनच थांबायचं. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते, तीही नेमकी उतरताना. उलटं चालणं इतक्यात नको, त्यात गुडघा जास्त वाकतो. आणि छातीत दाब आला, जबडा किंवा हात दुखायला लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत बसायचं नाही. 108 ला फोन, मग मला. चढण्याआधी दोघांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून या. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहेच.

ही मशीन आली म्हणून ज्वेलची, त्या बागेतल्या ट्रॅकवरची, फेरी बंद करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण त्याबरोबर तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस वेगळा सांगितलाय. दांडे धरून चालण्यात तो होत नाही. पावसात तिथला ट्रॅक निसरडा होतो, तेवढ्यापुरती मशीन. ऊन पडलं की खाली उतरा. शिवाय तिथे तुमचा कट्टा आहे. मशीनवर गप्पा मारायला कोण येणार?

गणपतीत घर भरेल, तेव्हा त्या खोलीला बाहेरून कडी. मुलं पेडलवर लोंबकळतात आणि दुसऱ्याचं बोट फिरत्या दांड्यात सापडतं. ताण वाढवून ठेवला तरी पेडल फिरतातच. ओवीला मी सांगेनच, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका.

येत्या रविवारी दहाच्या सुमारास सुरू करा म्हणजे मी व्हिडिओवर असेन. फोन चार्ज करून कपाटाला टेकवून ठेवा, हातात धरून नको. डाव्या क्रँकचा बोल्ट आवळण्याआधी मला एक फोटो पाठवा, बाबा. आणि दुकानाच्या त्या माणसाने जोडणीचे पैसे आधीच लावलेत का ते बिलात बघा. लावले असतील तर परत मागायचे.

तुमची,
मनू