बीम टेस्टबद्दलही छापा की

संपादक साहेब, सर्नची (जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची) बातमी म्हटली की हिग्ज बोसॉनच येतो, पण डिटेक्टर (कण टिपणारं यंत्र) आधी कणांचा झोत मारून तपासतात कसा, म्हणजे बीम टेस्ट, हे कोणी छापतच नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सीएमएस डिटेक्टरच्या नव्या एचजीकॅल कॅलोरीमीटरचा (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचा) नमुना एसपीएस या कणवेगवर्धकाच्या एच2 बीमलाइनवर (झोत आणणाऱ्या मार्गावर) तपासला, 20 ते 300 जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या पॉझिट्रॉन आणि पायॉन या कणांचा त्यावर मारा करून, आणि त्यात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर या विज्ञानसंस्थांची माणसंपण होती! बीमटाइम (झोत वापरायला मिळणारा वेळ) आधीच मागून ठेवावा लागतो, त्यातला काही वेळ म्युऑन नावाच्या कणांसाठी काढायचाच, कारण डिटेक्टरच्या प्रत्येक चॅनलचं (सिग्नल वाचणाऱ्या वाहिनीचं) कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी, त्यावरच होतं, आणि त्या वर्षअखेरीस एसपीएस दोनेक वर्षं बंद होणार होतं म्हणजे राहिलं ते राहिलंच. एवढी प्लॅनिंगची मेहनत आपल्या पोरांना कळायला पाहिजे, रविवारच्या पुरवणीत एक पान याला द्याच.

– एक वाचक, पुणे